स्पर्शविषारी वनस्पती : ओळख आणि उपचारातील दक्षता

मराठीत चांगल्या कामात कोणी विघ्न आणले की त्याने ‘बिब्बा घातला’ असे म्हणतात. भल्लातकाच्या दाहक स्वभावाची आठवण लोकभाषेने अशी जपून ठेवली आहे. त्याच भल्लातकाची आम्ही वैद्य मंडळी रसायन म्हणून थोरवी गातो. मात्र औषधशाळेत तो हाताळताना आवश्यक ती सावधगिरी आपण नेहमीच बाळगतो असे नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याच औषधशाळेतील एका सहायकाच्या मानेवर व खांद्यावर एका बाजूस ओळीने फोड उठले. प्रथमदर्शनी आम्ही ती नागीण समजलो. दोन दिवसांनी त्याच्या पत्नीच्या दोन्ही हातांवर तसेच फोड दिसले, तेव्हा उलगडा झाला. त्याने बिब्ब्याचे पोते खांद्यावरून वाहिले होते व तिने तो सदरा धुतला होता. शोधनाच्या वेळी हातमोजे देणाऱ्या आम्हांस पोत्याचा विसर पडला होता. दोष आमचाच होता.

बिब्ब्याच्या फलकवचातील तेलात भिलावनॉल नावाची द्रव्ये असतात. आंबा व काजू ही याच कुळातील झाडे असल्याने, बिब्बा उतलेल्या व्यक्तीस काजूच्या टरफलाचे तेलही बाधू शकते. लक्षणे बहुधा एक-दोन दिवसांनी प्रकटतात, म्हणून रुग्णास मागील तीन-चार दिवसांचा वृत्तांत विचारावा. स्पर्श होताच साबण व भरपूर वाहत्या पाण्याने त्वचा न घासता धुवावी, नखे स्वच्छ करावीत, कपडे व अवजारेही धुवावीत. त्यानंतर खोबरेल तेल वा शतधौत घृत लावावे. फोडांतील पाण्याने विकार पसरत नाही. तो पसरतो कपड्यांवर राहिलेल्या तेलाने. बिब्बा जाळू नये, त्याचा धूर डोळ्यांस व चेहऱ्यास बाधतो.

खाजकुइली, म्हणजेच कपिकच्छू, ही त्रिदली पानांची वेल आहे. तिला जांभळी लोंबती फुले व सोनेरी-तपकिरी लव असलेल्या वाकड्या शेंगा येतात. खाज सुटते ती या लवेमुळे. येथे प्रथम चोळणे वा धुणे नको. चिकटपट्टी लावून ती अलगद उपटावी व लव निघाल्यावर मग धुवावे. ही खाज प्रामुख्याने हिस्टामिनमुळे होत नसल्याने नेहमीच्या खाजेच्या गोळ्यांचा उपयोग बेताचाच होतो.

गाजर गवताचा प्रकार निराळा. १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम आढळलेली ही परदेशी वनस्पती आज बांधाबांधावर फोफावली आहे. तिच्यातील पार्थेनिन हवेतील सूक्ष्म कणांसोबतही त्वचेवर येते. पापण्या, मान व कोपराच्या घडीत जुनाट, जाड, खाजरा विचर्चिकेसारखा विकार शेतकऱ्यात दिसला, तर केवळ रक्तशुद्धीची औषधे देत राहू नये. त्याचे शेत व बांध यांची विचारपूस करावी. निदानपरिवर्जनावाचून येथे चिकित्सा फळत नाही. गवत फुलोऱ्यापूर्वीच, पूर्ण अंग झाकून व हातमोजे घालून उपटवावे.

फुटलेल्या फोडांवर कच्च्या चूर्णाचे लेप देऊ नयेत. डोळ्यांत लव वा तेल गेल्यास स्वच्छ पाण्याने दीर्घकाळ धुवून नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. चेहरा सुजणे, श्वास लागणे, ज्वर, पू होणे, अथवा बिब्बा पोटात घेतल्यानंतर मूत्रप्रमाण घटणे ही लक्षणे दिसताच रुग्णालयाचा मार्ग दाखविण्यात कमीपणा मानू नये.

औषधशाळाचालकांस आमची एकच विनंती आहे. शोधनापूर्वी जसे हातांस खोबरेल तेल लावून मोजे घालावयास सांगता, तसेच पोते, फडके व धुण्याचे कपडे यांचाही विचार करावा. बिब्ब्याचे पोते निराळे ठेवावे, त्यावर ठळक अक्षरांत नाव लिहावे आणि ते कोणासही खांद्यावरून वाहू देऊ नये. रुग्णाचे आरोग्य राखू पाहणाऱ्या औषधाने ते घडविणाऱ्या हातांसच पोळू नये.