गुणवत्ता यादीतील स्थान आणि महाविद्यालयाची प्रतिष्ठा : प्रवेशाच्या निराशेचे स्वरूप

प्रास्ताविक

दहावीच्या निकालाच्या दिवशी घरोघरी पेढे वाटले जातात. त्यानंतर काही आठवड्यांनी अकरावीची पहिली गुणवत्ता यादी लागते आणि त्याच घरात शांतता पसरते. गुण तेच असतात, विद्यार्थीही तोच असतो. बदललेला असतो तो केवळ तुलनेचा संदर्भ. हव्या त्या महाविद्यालयाऐवजी चौथ्या वा सातव्या पसंतीचे महाविद्यालय वाट्याला आलेला हा विद्यार्थी ऑगस्टमध्ये कोणत्या ना कोणत्या प्राध्यापकासमोर येऊन बसतो. राज्यातील बहुसंख्य महाविद्यालयांच्या वर्गांत असे विद्यार्थी लक्षणीय संख्येने असतात. तरीही या निराशेकडे 'चार दिवसांचे वय-वेड' म्हणून पाहण्याची प्रवृत्ती आढळते. प्रस्तुत लेखात या निराशेची घडण कशी होते, तिच्यात तथ्य किती आणि भ्रम किती, आणि अध्यापकाच्या वर्तनाशी तिचा संबंध कसा येतो, यांचा विचार केला आहे.

कट-ऑफ म्हणजे नेमके काय?

कट-ऑफ हा महाविद्यालयाच्या अध्यापनाचा दर्जा दाखविणारा आकडा आहे, अशी सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुतः तो शेवटच्या प्रवेशित विद्यार्थ्याचा गुणांक असतो, इतकेच. एखाद्या तुकडीत १२० जागा असतील, तर १२० व्या विद्यार्थ्याचे गुण म्हणजे कट-ऑफ. पुढील वर्षी अर्जदारांनी पसंतीक्रम बदलला, तर तेच प्राध्यापक, तेच ग्रंथालय आणि तीच प्रयोगशाळा असूनही तो आकडा घसरतो. म्हणजे कट-ऑफ मागणी मोजतो. आणि मागणी पुष्कळदा मागील वर्षीचा कट-ऑफ पाहूनच ठरते. प्रतिष्ठेचे हे वर्तुळ स्वतःवरच पोसले जाते.

शिवाय गुणवत्तेचा मापदंडही स्थिर राहिलेला नाही. महाराष्ट्रात २००८ मध्ये निरनिराळ्या मंडळांच्या गुणांची तुलना करण्यासाठी पर्सेंटाइल सूत्र आणले गेले. २००९ मध्ये राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी ९० टक्के जागा राखण्याचे धोरण आले. मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही रद्द केली. २०१० मध्ये 'बेस्ट फाइव्ह' सूत्र आले. उच्च न्यायालयाने ते फेटाळले, पण सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. २०२१ मध्ये महासाथीमुळे दहावीची परीक्षाच झाली नाही, आणि अकरावीसाठी योजलेली सामाईक प्रवेश परीक्षा न्यायालयाने रद्द केली. एकच विद्यार्थी या निरनिराळ्या वर्षांत परीक्षेस बसला असता, तर यादीतील त्याचे स्थान प्रत्येक वेळी वेगळे आले असते. दशांश चिन्हानंतरच्या अंकावर स्वतःची लायकी ठरविणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलास हा इतिहास कोणी सांगत नाही. पालकांनाही तो ठाऊक असतोच असे नाही. स्वतः सत्तर टक्क्यांवर नामांकित महाविद्यालयात गेलेल्या वडिलांना मुलाच्या ९१ टक्क्यांना तेथे जागा का नाही, हे उमगत नाही. आणि ते न उमगणेच मुलाला दोषारोपासारखे वाटते.

दुःख कशाचे?

या निराशेचे किमान तीन घटक वेगळे करता येतात. पहिला, कल्पनेत जगलेल्या जीवनाचा लोप : ते आवार, ती एकांकिका स्पर्धा, तो कट्टा. दुसरा, मित्रांची ताटातूट. तिसरा आणि सर्वांत बोचरा घटक म्हणजे 'कुठं मिळालं?' या प्रश्नाला उत्तर देताना होणारा संकोच. लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या सामाजिक तुलनेच्या सिद्धान्तानुसार, वस्तुनिष्ठ मापदंड नसेल तेथे मनुष्य इतरांशी तुलना करून स्वतःचे मूल्य ठरवितो. सोळाव्या वर्षी बुद्धिमत्तेचा असा मापदंड हाताशी नसतो. म्हणून महाविद्यालयाचे नावच मापदंड होऊन बसते.

आपले दुःख कायम टिकेल, ही समजूत मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातील एक भाग खुद्द प्राध्यापकांविषयीचा होता. कायम नियुक्ती नाकारली गेल्यास आपण काही वर्षे दुःखी राहू, असे अमेरिकेतील सहायक प्राध्यापकांचे भाकीत होते. प्रत्यक्षात ज्यांना ती पूर्वी नाकारली गेली होती, त्यांच्या समाधानात आणि ती मिळालेल्यांच्या समाधानात लक्षणीय अंतर आढळले नाही. दुःखाचा कालावधी फुगवून पाहण्याची ही सवय वयाने वा पदवीने जात नाही, हे अध्यापकवर्गाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

प्रतिष्ठित संस्थेने नेमके काय मिळते?

'महाविद्यालय कोणतेही असो, शेवटी कष्टच कामी येतात' असे सांत्वन सर्रास केले जाते. ते अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्य हुशार विद्यार्थ्याला चटकन ओळखू येते. या प्रश्नावरील संशोधन अधिक गुंतागुंतीचे चित्र दाखविते.

स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील १९७६ च्या प्रवेशतुकडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकसारख्या महाविद्यालयांनी स्वीकारलेल्या वा नाकारलेल्या विद्यार्थ्यांची त्यांनी परस्परांशी तुलना केली. अधिक निवडक महाविद्यालयात गेल्याने सरासरी उत्पन्नात विशेष भर पडलेली दिसली नाही. अल्प उत्पन्न गटातील विद्यार्थ्यांना मात्र लाभ झालेला दिसला. अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक यांनी २०१४ मध्ये बॉस्टन व न्यूयॉर्क येथील प्रवेशपरीक्षेवर आधारित नामांकित शाळांबाबत प्रवेशरेषेच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेले विद्यार्थी तपासले. त्यांच्या पुढील परीक्षांतील कामगिरीत फारसा फरक आढळला नाही. अकरावीच्या यादीत अर्ध्या टक्क्याने मागे राहिलेल्या विद्यार्थ्याची स्थिती नेमकी हीच असते.

भारतातील चित्र याहून थोडे वेगळे आहे. शीतल सेखरी यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रतिष्ठित शासकीय महाविद्यालयांच्या पदवीधरांना प्रारंभी अधिक वेतन मिळत असल्याचे दिसले; परंतु अंतिम परीक्षेतील गुणांत तसा फरक नव्हता. याचा अर्थ असा, की नावाला बाजारात किंमत आहे. मात्र ती अधिक ज्ञानाची किंमत असेलच असे नाही. अमेरिकेत चेट्टी, डेमिंग व फ्रीडमन यांच्या २०२३ मधील अभ्यासातही अत्युच्च संस्थांमुळे सरासरी उत्पन्न फारसे बदलत नसले, तरी समाजाच्या सर्वोच्च स्तरात पोहोचण्याची शक्यता वाढते, असे दिसून आले. तेव्हा नामांकित संस्था हुकल्याचे दुःख निव्वळ भ्रम नव्हे. विशेषतः ज्याच्या घरात ओळखीपाळखी नाहीत, अशा पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याचे नुकसान खरे असू शकते. डॉक्टरांच्या मुलास आणि ऊसतोड कामगाराच्या मुलीस एकाच वाक्याने समजावणे म्हणून अन्यायाचे ठरते.

दुसऱ्या बाजूस हर्बर्ट मार्श यांनी मांडलेला 'मोठा मासा, लहान तळे' हा परिणाम आहे. समान क्षमतेच्या दोन विद्यार्थ्यांपैकी ज्याचे वर्गमित्र सरासरीने अधिक हुशार असतात, त्याची स्वतःच्या शैक्षणिक क्षमतेविषयीची धारणा खालावते. शाळेत पहिला येणारा विद्यार्थी नामांकित महाविद्यालयात चाळिसावा होतो आणि मिटतो, हा अनुभव अध्यापकांना अपरिचित नाही. त्या महाविद्यालयात जागा मिळालेल्यांच्या निराशेची मात्र कोठे नोंद होत नाही.

प्रतिष्ठा चिरंतन नसते, हेही लक्षात घ्यावयास हवे. एके काळी उत्तम शिक्षणासाठी मराठवाड्यातून पुण्याची वाट धरावी लागे. 'लातूर पॅटर्न' रूढ झाल्यावर इतर जिल्ह्यांतील विद्यार्थी लातुरास येऊ लागले. (त्या पॅटर्नने शिकवणी वर्गांची जी बाजारपेठ उभी केली, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

अध्यापकाचा वाटा

ही निराशा विरावी की मुरावी, हे बरेचसे पहिल्या काही आठवड्यांत ठरते. आणि त्या काळात अध्यापकाचे शब्द अनपेक्षित परिणाम करतात. 'इतके गुण असून तू इथे कसा?' हा प्रश्न कौतुकाने विचारला जातो. परंतु त्यातून विद्यार्थी दोन गोष्टी शिकतो : तो चुकीच्या ठिकाणी आला आहे, आणि हे ठिकाण त्याच्या अध्यापकांनाही कमीच वाटते. 'आमच्याकडे येतातच असली मुलं' हे अध्यापक-कक्षातील वाक्यही वर्गापर्यंत पोहोचल्याशिवाय राहत नाही. स्वतःला विद्यापीठ विभागात वा शहरातील महाविद्यालयात जागा न मिळाल्याचे शल्य बाळगणारा प्राध्यापक नकळत तेच शल्य वर्गात वाटत असतो, असे म्हटल्यास ते कटू वाटेल. पण त्यात तथ्य आहे.

गुणांनुसार तुकड्या पाडण्याची प्रथा हा याचाच संस्थात्मक आविष्कार होय. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याविषयी दिलेल्या निर्देशांत, शैक्षणिक कामगिरीवरून तुकड्या वेगळ्या करणे आणि चारचौघांत अपमान करणे शक्यतो टाळावे, असे म्हटले आहे. १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता नेमावा वा त्याची सेवा घ्यावी, असेही त्यांत नमूद आहे.

सर्वसाधारण खिन्नता आणि वैद्यकीय साहाय्याची गरज असलेली अवस्था यांतील भेदही ओळखता आला पाहिजे. झोप व भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडणे, मित्रांपासून तुटणे, 'माझा काही उपयोग नाही' अशी भाषा वारंवार येणे, ही दुसऱ्या अवस्थेची चिन्हे आहेत. जीव देण्याचे विचार येतात का, असे थेट आणि शांतपणे विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही भीती निराधार आहे. उलट विचारल्याने बोलण्यास वाट मिळते. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली शासनाची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते.

या सर्वांत दुर्लक्षित राहतो तो शेवटच्या फेरीत आलेला विद्यार्थी. तो वर्गात येतो तेव्हा दुसरे प्रकरण संपत आलेले असते, प्रात्यक्षिकांच्या बॅचेस ठरलेल्या असतात आणि बाकांवरील जोड्याही जमलेल्या असतात. हजेरीपटात त्याचे नाव सर्वांच्या खाली, हाताने लिहिलेले असते. अशा विद्यार्थ्यांसाठी पहिल्या प्रकरणाच्या दोन तासिका पुन्हा घेणे आणि त्यांना एकत्र न बसविता जुन्या बॅचेसमध्ये विखरून देणे, एवढी तरतूद कोणत्याही विभागास वेळापत्रक न मोडता करता येते.