दुचाकीस्वाराची संरक्षक साधने: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दुचाकीला मोटारीसारखा पत्र्याचा सांगाडा नसतो, सीटबेल्ट नसतो, एअरबॅगही नसते. अपघातात दोन प्रकारचा मार थेट अंगावर येतो. एक म्हणजे जमिनीवर किंवा वाहनावर आदळण्याचा आणि दुसरा म्हणजे डांबरावर घसरत जाण्याचा. हेल्मेट आणि गार्ड आदळण्याचा जोर कमी करतात. जॅकेट, हातमोजे आणि बूट कातडी सोलली जाण्यापासून वाचवतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ लोक दगावले. त्यांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवरचे होते आणि ५०,०२९ मृतांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते.

पहिली गाडी घेताना बहुतेक पैसे गाडीची किंमत, नोंदणी आणि विमा यांतच जातात. साधनांसाठी जे उरतात, ते ऐकीव समजुतींवर खर्च झाले तर पैसेही जातात आणि संरक्षणही मिळत नाही. सर्वाधिक आढळणाऱ्या समजुती आणि त्यांमागची वस्तुस्थिती पुढे दिली आहे.

गैरसमज १: गावातल्या गावात, कमी वेगात साधनांची गरज नसते

वस्तुस्थिती: डोके जमिनीवर किती जोराने आपटते, हे गाडीच्या वेगाइतकेच पडण्याच्या उंचीवरही अवलंबून असते. सीटवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असते. तेवढ्या उंचीवरून खाली येताना त्याला ताशी जवळपास २० किलोमीटरचा वेग मिळतो, मग गाडी उभी असली तरी. कवटीला इजा होण्यास तो पुरेसा आहे.

अपघात प्रामुख्याने महामार्गावरच्या सुसाट वेगात होतात, ही समजूतही पुराव्यावर टिकत नाही. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या नेतृत्वाखाली लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास झाला. त्याचा अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या अपघातांत प्रत्यक्ष धडकेच्या क्षणी असलेला मध्यक वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटर होता. हा वेग शहरातल्या रोजच्या रस्त्यावरचाच आहे.

गैरसमज २: हेल्मेट जितके महाग तितके सुरक्षित

वस्तुस्थिती: हेल्मेटच्या आत, कवच आणि मऊ अस्तर यांच्यामध्ये, दाबलेल्या थर्मोकोलचा जाड थर असतो. आघाताच्या वेळी हा थर चेपतो आणि डोके थांबायला काही सहस्रांश सेकंद जास्त मिळतात. मेंदूवरचा धक्का त्यामुळे कमी होतो. किंमत मात्र बहुधा इतर गोष्टींनी वाढते: फायबरचे हलके कवच, हवेच्या खिडक्या, धुक्याने न माखणारी काच, रंगकाम आणि ब्रँडचे नाव. यामुळे वापर सुखाचा होतो, पण त्या प्रमाणात संरक्षण वाढतेच असे नाही. ब्रिटिश सरकारने २००७ मध्ये सुरू केलेल्या ‘शार्प’ या चाचणी उपक्रमात हेल्मेटना एक ते पाच तारे दिले जातात. तेथे तुलनेने स्वस्त हेल्मेटना पाच तारे मिळाल्याची आणि महागड्यांना कमी मिळाल्याची उदाहरणे आहेत.

भारतात हेल्मेटसाठी आयएस ४१५१ हे मानक आहे. ते पूर्ण करणारे, संपूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट साधारण दीड-दोन हजार रुपयांत मिळू शकते. पैसे मर्यादित असतील तर नक्षीदार रंगकामापेक्षा हनुवटी झाकणाऱ्या रचनेला प्राधान्य द्यावे. जर्मनीत हॅनोव्हर येथे दीटमार ओटे यांनी अपघातग्रस्त हेल्मेटांवरील आघातांच्या जागा नोंदवल्या, तेव्हा सुमारे एक तृतीयांश आघात हनुवटीच्या भागात आढळले. अर्ध्या टोपीसारख्या हेल्मेटमध्ये हा भाग उघडाच राहतो.

गैरसमज ३: आयएसआयचा शिक्का दिसला की हेल्मेट खरे

वस्तुस्थिती: १ जून २०२१ पासून भारतात भारतीय मानक ब्युरोचे प्रमाणपत्र असलेलीच दुचाकी हेल्मेट बनवता आणि विकता येतात. तरीही रस्त्याकडेला नकली शिक्क्यांचा माल विकला जातो. खऱ्या शिक्क्याच्या वर मानकाचा क्रमांक, म्हणजे ४१५१, आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये हा क्रमांक टाकला की परवाना कोणाच्या नावावर आहे आणि तो चालू आहे का, हे दिसते. हेल्मेटवरचे नाव आणि ॲपमधले नाव जुळत नसेल तर खरेदी टाळावी. बिल मागणे हाही सोपा उपाय आहे, कारण नकली माल विकणारा बिल देण्यास सहसा तयार नसतो.

अमेरिकेतील ‘डॉट’ या मानकाचे स्टिकर पाहून हेल्मेट अधिक चांगले मानले जाते. त्या पद्धतीत आपले हेल्मेट मानकात बसते, असे निर्माता स्वतःच जाहीर करतो. विक्रीपूर्वी सरकारी तपासणी होत नाही. नुसते स्टिकर तर कोणीही चिकटवू शकतो. युरोपीय ‘ईसीई २२.०६’ हे मानक मात्र बरेच कडक आहे. त्यात वेगवेगळ्या वेगांवरचे आघात आणि डोके पिरगळणारे तिरके आघातही तपासले जातात. भारतीय प्रमाणपत्रासोबत हेही असल्यास उत्तम, पण त्यासाठी कर्ज काढण्याची गरज नाही.

गैरसमज ४: हेल्मेटने मान दुखावते, ऐकू येत नाही आणि अपघात उलट वाढतात

वस्तुस्थिती: पुण्यासह अनेक शहरांत हेल्मेटसक्तीला विरोध करताना हे मुद्दे वर्षानुवर्षे मांडले गेले आहेत. हर्ट अहवालात हेल्मेटमुळे ऐकण्यात किंवा पाहण्यात अपघाताला कारण ठरेल असा अडथळा आढळला नाही. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये ४० हजारांहून अधिक मोटारसायकल अपघातांच्या नोंदी तपासल्या. हेल्मेट घातलेल्यांत मानेच्या मणक्याची इजा वाढलेली नव्हती, उलट २२ टक्क्यांनी कमी होती. ६१ अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्या २००८ च्या कॉक्रेन समीक्षेनुसार हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो.

गैरसमज ५: थोडे सैल हेल्मेट सोयीचे, आणि पट्टा लावणे ऐच्छिक

वस्तुस्थिती: सैल हेल्मेट पहिल्या आघातातच फिरते किंवा निघून जाते. पट्टा न लावलेल्या हेल्मेटचा पोलिसांना दाखवण्यापलीकडे फारसा उपयोग नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसारही ते डोक्यावर पक्के बांधलेले असावे लागते.

माप घेताना भुवयांच्या बोटभर वरून, डोक्याच्या सर्वांत रुंद भागाभोवती टेप गुंडाळावा आणि कंपनीच्या तक्त्याशी ताडून पाहावे. नव्या हेल्मेटमध्ये गाल किंचित दाबले गेले पाहिजेत. पट्टा लावून हेल्मेट डावी-उजवीकडे फिरवल्यास कपाळाची कातडी त्याच्यासोबत हलली पाहिजे. मागची कड धरून पुढे ओढल्यावर ते डोक्यावरून निघता कामा नये. दुकानात दहा मिनिटे डोक्यावर ठेवावे. एखाद्या जागी ठणका लागत असेल तर तो आकार त्या डोक्याचा नव्हे, मग सवलत कितीही असो.

गैरसमज ६: हेल्मेट एकदा घेतले की जन्माची खरेदी

वस्तुस्थिती: आतला थर एकदा चेपला की पूर्ववत होत नाही. बाहेरून ओरखडाही दिसत नसला तरी मोठ्या आघातानंतर हेल्मेट बदलावे लागते. घाम, ऊन आणि वापर यांमुळे अस्तर, गोंद आणि पट्टा झिजतात, म्हणून साधारण पाच वर्षांनी ते बदलण्याचा सल्ला दिला जातो. जुने हेल्मेट विकत न घेण्याचे कारणही हेच: त्याने कोणता मार खाल्ला आहे, हे घेणाऱ्याला कळत नाही. हेल्मेट आरशाच्या दांड्यावर टांगल्यास आतल्या थरात खड्डा पडतो. पेट्रोल किंवा थिनरने पुसल्यास प्लॅस्टिकचे कवच कमकुवत होते. कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरेसा असतो.

गैरसमज ७: जाड जीन्स आणि लेदर जॅकेट असले की झाले

वस्तुस्थिती: घर्षणाच्या प्रयोगशाळा-चाचणीत साधी सुती जीन्स साधारण सेकंदभरातच भोक पडून निकामी होते. फॅशनसाठी शिवलेले लेदर जॅकेट पातळ असते. त्याची शिवण एकेरी असते आणि खांद्या-कोपरांत गार्ड नसतात. गाडीवरच्या जॅकेटमध्ये तीन गोष्टी पाहाव्यात: घसरण सोसणारे कापड, दुहेरी-तिहेरी शिवण आणि प्रमाणित गार्ड.

युरोपीय मानक ईएन १७०९२ नुसार कपड्यांना एएए, एए, ए अशा उतरत्या श्रेणी असतात. रोजच्या शहरी वापराला ‘ए’ श्रेणी चालते. लांबच्या प्रवासासाठी ‘एए’ बरी. गार्डवर ईएन १६२१ आणि ‘लेव्हल १’ किंवा ‘लेव्हल २’ असे छापलेले असते. लेव्हल २ जास्त धक्का शोषते. अनेक स्वस्त जॅकेटांच्या पाठीत मात्र गार्डऐवजी साध्या फोमचा तुकडा घातलेला असतो. खिसा उघडून तो पाहावा आणि तेथे प्रमाणित गार्ड नंतर बसवता येईल का, हे विचारावे.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. ऑस्ट्रेलियात लिझ डी रोम आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २१२ अपघातग्रस्त चालकांच्या कपड्यांची पाहणी केली. अपघातात सुमारे ३० टक्के जॅकेट आणि २६ टक्के हातमोजे फाटले किंवा उसवले होते. म्हणजे ‘रायडिंग’ हा शब्द छापल्याने कपडा मजबूत होत नाही. शिवण आणि प्रमाणपत्रच पाहावे लागते.

गैरसमज ८: हातमोजे आणि बूट ही चैन आहे

वस्तुस्थिती: पडताना माणूस आपोआप हात पुढे टाकतो, त्यामुळे तळवा सर्वांत आधी सोलतो. त्याच ऑस्ट्रेलियन अभ्यासात गार्ड बसवलेल्या हातमोज्यांनी हाताच्या आणि मनगटाच्या इजेचा धोका सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झाला. मोजे घेताना तळव्यावर दुहेरी थर, बोटांच्या सांध्यांवर कडक कवच आणि मनगटावर घट्ट पट्टा असावा. मनगट उघडे ठेवणारे मोजे पहिल्या झटक्यात निघून जातात.

पायांबाबतचा निष्कर्ष कमी पैसेवाल्यांच्या विशेष कामाचा आहे. खास मोटारसायकलसाठी नसलेल्या, पण घोटा झाकणाऱ्या साध्या बुटांनीही बाकीच्या जोड्यांच्या तुलनेत पायाच्या इजेचा धोका सुमारे निम्म्याने कमी केला. घोट्याच्या वर येणारे, जाड तळव्याचे चामडी बूट घरात असतील तर सुरुवातीला तेच वापरावेत. नाडीचे टोक मात्र आत खोचावे, नाहीतर ते गिअरच्या दांड्यात अडकते. चप्पल कोणत्याही अंतरासाठी योग्य नाही.

गैरसमज ९: आपल्या हवेत जॅकेट घालणे अशक्य

वस्तुस्थिती: विदर्भातल्या मे महिन्यात बंद कापडाचे जॅकेट घालणे खरोखर कठीण आहे. त्यासाठीच जाळीचे जॅकेट असते. त्यातून वारा आरपार जातो, आणि खांदे-कोपरांवर घट्ट कापड व गार्ड राहतात. पावसासाठी महागडे जलरोधक जॅकेट घेण्याऐवजी जाळीच्या जॅकेटवर साधा रेनकोट चढवणे स्वस्त पडते.

रंगाचाही विचार करावा, कारण त्याला वेगळे पैसे लागत नाहीत. न्यूझीलंडमधील ऑकलंड परिसरात झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चमकणारे किंवा फ्लुरोसंट कपडे घालणाऱ्यांना इजा करणाऱ्या अपघाताचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला. पांढरे हेल्मेट काळ्याच्या तुलनेत २४ टक्के कमी धोक्याशी जोडलेले होते.

गैरसमज १०: डबलसीट बसणाऱ्याला हेल्मेट लागत नाही

वस्तुस्थिती: कलम १२९ चार वर्षांवरील प्रत्येकाला लागू आहे, मग तो चालवणारा असो वा मागे बसणारा. अपवाद पगडी बांधणाऱ्या शीख व्यक्तींचा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर उल्लंघनाला १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबन अशी तरतूद आहे. २०२२ मधील हेल्मेटविना मृतांपैकी १४,३३७ जण मागे बसलेले होते. नवी दुचाकी विकताना निर्मात्याने प्रमाणित हेल्मेट पुरवावे, असे केंद्रीय मोटार वाहन नियमावलीत आहे. गाडी ताब्यात घेताना ते मागून घ्यावे. चालकाला ते नीट बसत नसेल तर मागे बसणाऱ्यासाठी त्याची चाचपणी करता येते.

खर्चाचा क्रम

पैसे हळूहळू जमत असतील तर क्रम असा असावा:

१. पूर्ण चेहऱ्याचे, नीट बसणारे आयएसआय हेल्मेट: साधारण दीड ते अडीच हजार रुपये. डबलसीट बसणारे कोणी नेहमीचे असेल तर त्याच टप्प्यात दुसरे.

२. मनगट बांधणारे हातमोजे: साधारण दीड ते अडीच हजार. घरातले घोटा झाकणारे बूट याच टप्प्यात वापरात आणावेत.

३. पँटवरून बांधण्याचे गुडघ्यांचे गार्ड: पूर्ण रायडिंग पँटच्या खर्चाचा छोटा भाग.

४. प्रमाणित गार्ड असलेले जाळीचे जॅकेट: साधारण पाच ते आठ हजार. मागच्या हंगामातला रंग सवलतीत मिळाल्यास तो घेण्यात काही गैर नाही.

५. पाठीचा प्रमाणित गार्ड, रायडिंग पँट आणि खास बूट: लांब प्रवास सुरू झाल्यावर.

जुना माल घ्यायचाच असेल तर जॅकेट किंवा पँट घ्यावी, कारण त्यांची शिवण, कापड आणि गार्ड डोळ्यांनी तपासता येतात. हेल्मेट मात्र नेहमी नवेच घ्यावे.