रहमीमचा रामाजी

रामाजी हे नाव ऐकलं की डोळ्यांपुढे एखादा कोकणी शेतकरी येतो. पण अलिबाग-पेण-रोह्याकडच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरांत हा रामाजी मुळात रहमीम असायचा. अस्सल हिब्रू नाव!

ही मंडळी तेलाचे घाणे चालवत आणि शब्बाथला म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. गावांवरून त्यांची आडनावं झाली दिवेकर, पेणकर, रोहेकर, आणि पोरांची नावं मराठी जिभेवर घोळून गुळगुळीत झाली. श्मुएलचा सामाजी झाला, येहेझ्केलचा हसाजी. या दोन्ही नावांच्या शेवटचा ‘एल’ म्हणजे देव. तो गळून पडला आणि तिथे आपला आदराचा ‘जी’ येऊन बसला.

याच समाजातल्या सामाजी हसाजी दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईत बेने इस्रायलींचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, उभारलं. टिपू सुलतानाच्या कैदेतून जिवंत सुटल्याची ती कृतज्ञता होती, असं सांगतात. पुढे त्याचं नाव झालं ‘शाआर हारहमीम’, करुणेचं दार. समाजाच्या बोलीत सिनेगॉग म्हणजे मशीदच. मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडलं, असं मानलं जातं. ठाणे-डोंबिवलीहून रोज सीएसएमटी गाठणाऱ्यांच्या वाटेवरचंच हे स्टेशन!

मला भुरळ पडली ती त्या दारातल्या ‘रहमीम’ शब्दाची. रहमीम म्हणजे करुणा, आणि त्याचं नातं ‘रेहेम’शी. रेहेम म्हणजे गर्भाशय. दुसऱ्याचं दुःख पाहून आपण म्हणतो ‘पोटात कालवलं’. हिब्रूने तर दयेचा शब्दच आईच्या उदरातून घडवला. हिब्रूची बहीण अरबी. तिच्याकडेही हेच मूळ आहे, त्यातून आलेला ‘रहम’ फारसीच्या वाटेने आपल्याकडे पोचला. म्हणजे रामाजीच्या शेजाऱ्याने कधी ‘रहम करा’ म्हटलं असेल, तर नकळत त्याने रामाजीच्या नावाच्या सख्ख्या भावंडालाच हाक मारली!

‘रहमीम’मधला शेवटचा ‘ईम’ही गमतीचा. हिब्रूत तो अनेकवचनाचा प्रत्यय. कवी निस्सीम इझिकेल यांचं ‘निस्सीम’ म्हणजे ‘चमत्कार’, तेही एक नव्हे, अनेक. मराठी कानाला मात्र त्यात सीमा नसलेलं काहीतरी ऐकू येतं. चमत्कारांसारखी करुणाही हिब्रूत एकवचनी नाहीच.

नावात दार असलेलं असंच एक 1879 सालचं सिनेगॉग ठाण्यात टेंभी नाक्याजवळ आहे, ‘शाआर हाशामायीम’, स्वर्गाचं दार. बायबलमधल्या याकोबाला स्वप्नात आकाशाला टेकलेली शिडी दिसली आणि जागा झाल्यावर त्या जागेबद्दल त्याने उच्चारलेले हे शब्द. ठाण्यात आजही बेने इस्रायलींची मोठी वस्ती आहे. त्यांच्या हिब्रू प्रार्थनांत देवाला एक हाक आहे: ‘आव हारहमीम’. अर्थ सांगताना ‘करुणेचा पिता’ म्हणतात. पण शब्द उकलून पाहावा, तर बापाला मारलेल्या त्या हाकेच्या आतच आईचं उदर आहे.