अडगावची लढाई आणि नदीची हद्द

माझ्या आजीचे माहेर वर्धा नदीच्या पलीकडचे. पुलगाव सोडून गाडी पुलावर आली की ती नदीला हात जोडायची आणि म्हणायची, "लागलं वऱ्हाड." दोन्ही काठांवर कपाशी तीच, तूर तीच, सोयरिकीही इकडून तिकडे. तरी पूर्वेला मालगुजारी आणि पश्चिमेला रयतवारी असे का, हा प्रश्न मला घरातले जुने कागद चाळताना पडला. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. कागद वाचायचा आणि जागा पाहायची, एवढेच मी करत आलो. त्या प्रश्नाने मला अकोला जिल्ह्यातील अडगावला नेले.

वर्ध्याहून सकाळच्या गाडीने अकोला, तिथून एसटीने अकोट. अकोटच्या पश्चिमेला अडगाव आणि शिरसोली. उत्तरेला सातपुडा दिसतो, नरनाळा किल्ला त्याच डोंगरात. बाकी सपाट काळी जमीन आणि वेचणीला आलेला कापूस. रणांगण म्हणून ओळखावे असे शेतात मला काही दिसले नाही.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी येथे नागपूरकर दुसरे रघुजी भोसले यांचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांची फौज उभी होती. सोबत शिंद्यांचे घोडदळ होते. शिंद्यांचा इंग्रजांशी युद्धविराम काही दिवसांपूर्वीच झाला होता, पण घोडदळ मैदानातून हटले नव्हते. दक्षिणेकडून आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, आणि कर्नल स्टीव्हन्सन चालून आले. तोफा सुरू होताच, असईला न डगमगलेल्या कंपनीच्या तीन देशी पलटणी मागे पळाल्या. वेलस्लीने स्वतः जाऊन त्या पुन्हा उभ्या केल्या. दिवस कलताना सुरू झालेली लढाई अंधारापूर्वीच संपली. पाठलाग मात्र चांदण्यात चालू राहिला. भोसल्यांच्या ३८ तोफा गेल्या. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला.

आमच्या भागाचे भवितव्य त्या तहात ठरले. तोवर वऱ्हाडात निजाम आणि भोसले यांची दोअमली होती. एकाच मुलखाचा वसूल दोघे वाटून घेत. तहाने नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांकडून काढला आणि कंपनीने तो निजामाला दिला. कटक प्रांतही गेला. गंमत अशी, की नरनाळा आणि गाविलगड भोसल्यांकडेच राहिले, आणि त्यांच्या खर्चासाठी अकोट, अडगाव, बडनेरा, भातकुली, खटकाळी हे परगणेही. म्हणजे हरलेले मैदान हरणाऱ्याच्याच ताब्यात राहिले! १८२२च्या अदलाबदलीत तेही निजामाकडे गेले आणि नदी पक्की हद्द झाली.

पुढे १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आले. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६२ साली नागपुरातून वर्धा जिल्हा वेगळा निघाला. एकच सरकार दोन्ही काठांवर, पण पद्धती दोन. वऱ्हाडात मुंबई इलाख्याप्रमाणे मोजणी होऊन शेतकरी थेट सरकारचा खातेदार झाला. आमच्याकडे गावची मालकी मालगुजाराला मिळाली आणि कसणारा त्याचे कूळ राहिला. १९०३ साली दोन्ही भाग एका प्रांतात आले, तरी हा फरक मिटला नाही. मालगुजारी गेली ती १९५१ साली.

परतीच्या गाडीत बडनेरा मागे पडले, पुढे पूल आला, आणि आजीचे आणखी एक बोलणे आठवले. आजोबांशी भांडण झाले की ती म्हणायची, "माह्या बापाचं नाव सरकारच्या कागदावर होतं, तुमच्या बापाचं मालगुजाराच्या वहीत." आम्ही ते माहेरचे कौतुक म्हणून हसण्यावारी नेले. तिने अडगावचे नावही ऐकले नसेल. पण त्या मैदानात काय ठरले, हे आमच्या घरात तिलाच नेमके माहीत होते.