दोन सुया आणि एक धागा

थंडीच्या दिवसांत आपण लोकरीचा स्वेटर घालतो, गळ्याभोवती मफलर गुंडाळतो आणि कानटोपी ओढून घेतो. हे कपडे उबदार का असतात आणि ओढले असता ताणतात का, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय? लोकरीच्या तंतूंमध्ये हवा कोंडून राहते व ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. ताणण्याचे कारण मात्र विणीत आहे. मागावरच्या कापडात उभे व आडवे असे दोन प्रकारचे धागे असतात. सुयांवरच्या विणकामात धागा एकच असतो. त्याच्या एका फासातून दुसरा फास, दुसऱ्यातून तिसरा, असे हजारो फास काढलेले असतात. या फासांनाच टाके म्हणतात.

ही कला शिकावयास साहित्य थोडेच लागते : लोकरीचा गुंडा, दोन सुया, कात्री आणि शिवण्याची एक जाड सुई. आपल्याकडे विणावयाच्या सुयांना क्रमांक असतात. क्रमांक जितका मोठा, तितकी सुई बारीक. नवशिक्याने आठ क्रमांकाच्या सुया व मध्यम जाडीची, फिकट रंगाची लोकर घ्यावी. गडद लोकरीत टाके नीट दिसत नाहीत.

सुईवर टाके कसे घालावयाचे, हे एकदा जाणत्या माणसाकडून पाहून घ्यावे. मग सुलट टाका शिकावा. धागा मागे ठेवून उजव्या सुईचे टोक डाव्या सुईवरील पहिल्या टाक्यात पुढून मागे घालावे. टोकावर धाग्याचा वेढा द्यावा, तो टाक्यातून बाहेर ओढावा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यावा. उलट टाक्यात धागा पुढे असतो व सुई मागून पुढे येते. सारे विणकाम या दोनच टाक्यांचे आहे.

पहिली वस्तू म्हणून साधा चौकोन विणावा. तीस टाके घालावेत व साठ ओळी केवळ सुलट विणाव्यात. दर दोन ओळींची एक उंच रेघ उमटते. अशा तीस रेघा झाल्या, की लांबी व रुंदी जवळजवळ सारखी होते. तुकडा कोपऱ्यावर कोपरा ठेवून दुमडावा, म्हणजे खात्री पटते.

दर ओळीच्या शेवटी टाके मोजावयास मात्र विसरू नये. तीसाचे एकोणतीस झाले, तर एक टाका निसटला आहे असे समजावे. निसटलेला टाका स्वस्थ बसत नाही. तो खालच्या ओळींतील टाके सोडवीत जातो आणि विणीत शिडीसारखी फट पडते. अशा वेळी चूक झाकून पुढे विणण्याचा मोह होतो. परंतु झाकलेली चूक ओढ बसताच उघडी पडते. त्यापेक्षा चुकीपर्यंतच्या ओळी उसवून पुन्हा विणाव्यात. कातरलेले कापड पूर्ववत होत नाही. उसवलेली लोकर मात्र पुन्हा तितकीच कामास येते. वाया जातो तो थोडा वेळ, आणि त्या वेळात हात तयार होतो.

वर्गातील मुलांनी मिळून असे अठ्ठेचाळीस चौकोन विणले व सहा आणि आठ अशा रांगांनी जोडले, तर लहान बाळाचे सुंदर पांघरूण होते.

चौकोन साधल्यावर मफलर अवघड नाही. चाळीस टाके घालून तीच सुलट वीण सुमारे १२० सेंटिमीटर लांबीपर्यंत विणीत जावी. येथे कौशल्यापेक्षा चिकाटीची परीक्षा असते.

त्यानंतर टोपी घ्यावी. ऐंशी टाके घालून प्रत्येक ओळीत दोन सुलट, दोन उलट असे विणावे. ही वीण चांगली ताणते, म्हणून टोपी डोक्यास घट्ट बसते. वीस सेंटिमीटर उंची झाल्यावर धागा लांब ठेवून कापावा, जाड सुईने तो सर्व टाक्यांतून ओवावा व ओढून शेंडा आवळावा. मग दोन्ही कडा शिवून टाकाव्यात.

विणकाम हे केवळ मुलींचे काम, असे मात्र कोणी समजू नये. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात टिटिकाका सरोवरात तकीले नावाचे बेट आहे. तेथे टोप्या पुरुषच विणतात आणि मुलगे लहानपणीच सुया हाती घेतात.

यंत्रावर विणलेले कपडे आज बाजारात सहज मिळतात. तरीही हाताने विणलेल्या वस्तूत विणणाऱ्याची माया असते. १९६२ साली चीनने भारतावर आक्रमण केले, तेव्हा आपले जवान हिमालयाच्या कडाक्याच्या थंडीत लढत होते. त्या वेळी देशातील कितीतरी घरांतून स्त्रियांनी त्यांच्यासाठी स्वेटर, मोजे व हातमोजे विणून पाठविले. ज्यांना त्यांनी कधी पाहिलेही नव्हते, त्यांच्यासाठी त्या टाक्यामागून टाका घालीत होत्या. त्यांच्याही हातांनी पहिल्यांदा एखादा वाकडातिकडा तुकडाच विणला असेल.

स्वाध्याय

१. मागावरचे कापड व सुयांवरचे विणकाम यांत कोणता फरक आहे?
२. टाका निसटल्यास काय करावे? का?
३. एक चौकोन विणा. तो करताना काय अडचणी आल्या, ते दहा ओळींत लिहा.