सोप्यातला बल्ब आणि जिनिव्हाचा दंड

केलगेरीला आजोळी सोप्याच्या तुळईला काळ्या वायरीवर एक बल्ब लोंबायचा. माझ्या शाळेच्या साऱ्या वर्षांत तो बदललेला आठवत नाही. संध्याकाळी शिवारातले पंप सुरू झाले की व्होल्टेज पडायचं, तार नुसती लालसर दिसायची आणि आजी त्यातच चाचपडत तांदूळ निवडायची. पुढे गल्लीच्या तोंडाशी नवी टीसी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) बसली, घर लख्ख झालं आणि महिनाभरात बल्ब उडाला. "उजेड आला नि दिवा गेला," आजी म्हणाली.

कोझिमा डानोरिट्झर यांचा २०१० सालचा 'द लाइट बल्ब कॉन्स्पिरसी' हा माहितीपट बघताना मला हाच बल्ब आठवत राहिला. लवकर मोडेल अशीच वस्तू घडवायची, हा त्याचा विषय. ठरावीक छपाईनंतर बंद पडणारा प्रिंटर, घानामध्ये साचणारा आपला इलेक्ट्रॉनिक कचरा, हे सगळं त्यात येतं. ते वाचकांना ठाऊक असेलच. मी अडकलो तो बल्ब-कंपन्यांच्या 'फीबस' या टोळीपाशी.

डिसेंबर १९२४मध्ये ओसराम, फिलिप्स, टोकियो इलेक्ट्रिक, फ्रान्सची कंपनी दे लांप आणि जनरल इलेक्ट्रिकचा परदेशी गोतावळा अशा कंपन्यांनी जिनिव्हात संगनमत केलं. बाजार वाटून घेतला, आणि दीड-दोन हजार तास जळणारा बल्ब हजार तासांवर आणायचं ठरवलं. मार्कुस क्रायेव्स्की या माध्यम-इतिहासकाराने बर्लिनच्या अभिलेखागारातली ओसरामची दप्तरं चाळली, त्यात दंडाचं कोष्टक निघालं. प्रत्येक कारखान्याने तपासणीला नमुने धाडायचे. बल्ब ठरल्यापेक्षा जास्त टिकला तर दंड, तोही स्विस फ्रँकमध्ये! आपल्याकडे खोट्या मालाला दंड होतो, इथे चोख मालाला. सरासरी आयुष्य १९२६मध्ये १८०० तास होतं, ते १९३३-३४पर्यंत १२०५वर आलं.

त्याच कागदपत्रांत फिलिप्स कंपनीच्या अँटन फिलिप्स यांची एक तक्रार आहे. काही सभासद जास्त व्होल्टेजचे बल्ब विकतात, ते कमी दाबावर मंद जळतात आणि संपतच नाहीत. एवढ्या खटपटीने ज्या चिखलातून बाहेर पडलो त्यातच पुन्हा रुतू नका, असा त्यांचा सूर. वाचून मी उडालोच. फिलिप्ससाहेबांना धास्ती वाटत होती तीच युक्ती आमच्या सोप्यात रोज संध्याकाळी आपोआप चालत होती.

ढोबळ नियम असा, की व्होल्टेज पाच टक्क्यांनी उतरलं तर बल्बचं आयुष्य जवळजवळ दुप्पट होतं. २३०चा बल्ब २०० व्होल्टवर चालवा, तो सहापट जगेल. पण वीज ८० टक्के खाऊन उजेड देईल साठ-बासष्ट टक्केच. म्हणजे आजीचा बल्ब चिरंजीव होता, पण उधळ्याही होता. कॅलिफोर्नियात लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रातला, १९०१पासून जळणारा बल्ब माहितीपटात देवासारखा पुजलाय. तो आज चारेक वॅटवर मिणमिणतो, त्याच्याखाली तांदूळही निवडता यायचे नाहीत. हे माहितीपटाने ठसठशीत सांगायला हवं होतं.

हाच वाद १९५१मध्ये ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगापुढे आला. आयोगाचा निर्वाळा असा, की हजार तास ही काही लबाडी नव्हे, उजेड आणि टिकाऊपणा यांतली ती तडजोड आहे. हिशेब खोटा नाही. साठ वॅटचा बल्ब हजार तासांत साठ युनिट वीज खातो, आणि त्या बिलापुढे बल्बची किंमत किरकोळच.

तरी मला आयोगाचं पटत नाही. तडजोड गिऱ्हाइकाच्या भल्याचीच होती, तर दंड कशाला? गिऱ्हाइकाला दोन्ही बल्ब दाखवून निवडू द्यायचं होतं. आयुष्य घटवल्यावर आपली विक्री पाचपट झाल्याचं टोकियो इलेक्ट्रिकने फीबसला आनंदाने कळवलं होतं. त्यात विजेच्या बचतीचा प्रश्न कुठे येतो?

सोप्यातला बल्ब उडाला तेव्हा मामाने तो टाकला नाही. कानाशी हलवून आत तुटलेली तार किणकिणतेय का ते ऐकलं. मग बल्ब तिरका धरून टिचक्या मारत मारत तारेचं सुटलेलं टोक दुसऱ्या टोकावर अडकवलं, अलगद होल्डरमध्ये बसवलं आणि बटण दाबलं. टोकं जागीच चिकटली. तार आखूड झालेली, त्यामुळे बल्ब पूर्वी कधी नव्हता इतका पांढराशुभ्र पेटला. आजीने त्या रात्री दोन शेर तांदूळ निवडले. चौथ्या दिवशी तो पुन्हा उडाला, आणि मामा पुन्हा टिचक्या मारत बसला.