तिथी बघा, मग फोटो काढा

कोकणात सुट्टीला निघताना आपण कॅमेरा घेतो, चार्जर घेतो, टोपी घेतो. दिनदर्शिका मात्र घरी भिंतीवरच राहते. तिचा आणि फोटोंचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. मलाही तो एका कार्तिकी एकादशीला, गुडघाभर पाण्यात उभं राहिल्यावर कळला.

आम्ही हरिहरेश्वरला गेलो होतो. तिथे डोंगराला वळसा घालणारी प्रदक्षिणेची वाट आहे. पायऱ्या उतरून खाली गेलं, की लाटांनी आणि खाऱ्या पाण्यानं कोरलेला खडक दिसतो, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी पडलेला. साडेचारला तो कोरडा होता. धाकट्या मुलीला घेऊन मी खाली उतरलो आणि सूर्य कलण्याची वाट बघत बसलो.

वाट बघण्याला कारण होतं. दुपारी ऊन डोक्यावर असतं, सावल्या पडत नाहीत आणि असा खडक फोटोत सपाट दिसतो. सूर्य खाली आला, की तिरपा प्रकाश प्रत्येक खळगीत सावली भरतो. शिवाय किरणांना हवेतून जास्त अंतर कापावं लागतं. निळा रंग वाटेतच विखुरतो, तांबडा आपल्यापर्यंत पोचतो. मी त्या तांबड्यात रमलो. मागच्या वाटेवर पाणी चढत होतं, तिकडे लक्षच नव्हतं.

वरून एक म्हातारे कोळीबाबा ओरडले, म्हणून मान वळवली. पोरीला खांद्यावर घेऊन कसाबसा पायऱ्यांपाशी पोचलो. तिची एक चप्पल आणि माझी कॅमेऱ्याची बॅग समुद्रानं ठेवून घेतली. बाबांनी आधी खडसावलं, मग हिशेब शिकवला.

हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती, तासभर मागेपुढे. एकादशी म्हणजे अकरा, पाऊणपट सव्वाआठ. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे त्या दिवशी अडीचच्या सुमाराला पाणी सर्वांत खाली होतं आणि मी उतरलो तेव्हा ते परतीला लागलेलं होतं. पाणी सारख्या वेगानं चढत नाही. पहिल्या तासात थोडंच चढतं, तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र जवळजवळ निम्मी भरती येते. नेमका तोच वेळ मी पाठमोरा बसलो होतो.

हाच हिशेब फोटोच्या कामी येतो. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणून ओहोटी संध्याकाळी. उधाणाची ओहोटी असल्यानं खडक लांबवर उघडे पडतात आणि त्याच वेळी सूर्य मावळत असतो. अष्टमीला उलट, संध्याकाळी भरती. त्या दिवशी फोटो वरूनच काढावा. स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय खाली उतरू नये आणि पावसाळ्यात तर मुळीच नको.

आता कॅमेऱ्याचं. मोबाइल असला तरी चालेल. क्षितिजाची रेघ सरळ ठेवा आणि चौकटीच्या मधोमध नको, वर किंवा खाली घ्या. पुढे एखादा खडक, एखादी होडी असू द्या. नुसतं पाणी आणि आभाळ फोटोत रिकामं वाटतं. सूर्यासमोर माणूस उभा केलात तर तो काळा दिसणार, कारण कॅमेरा आभाळाच्या उजेडाला धरून माप घेतो. चेहरा हवा असेल तर उजेड चेहऱ्यावर पडेल असं उभं करा. सूर्य बुडाला की लगेच उठू नका. पुढची पंधरा-वीस मिनिटं आभाळात रंग असतात. मात्र ती वाळूवर किंवा वर पायऱ्यांवर काढा, खडकात नव्हे. खोलीवर आल्यावर भिंगावरचं खारं पाणी गोड्या पाण्यानं ओलावलेल्या मऊ फडक्यानं हलकेच पुसा.

त्या दिवशीचा कॅमेरा गळ्यात होता म्हणून एक फोटो वाचला. त्यात क्षितिज तिरकं आहे आणि कोपऱ्यात चढलेलं पाणी स्पष्ट दिसतं. आता सुट्टी ठरवताना आमच्या घरी आधी तिथी बघतात, आणि पाऊणपट मुलगीच करते.